आई परत येणार याचा पुरावा

बडोद्यात मे महिन्यात कुणाच्या घरी मोठ्या बॅगा आणि वजनाचा काटा बाहेर निघाला की कुठे निघालात, असं फारसं कुणी विचारत नाही. जर्सीच असणार, म्हणजे अमेरिकेतलं न्यू जर्सी. विचारतात ते एवढंच, "तीन महिने की पूर्ण सहा?" आईबाबांच्या कारेलीबागच्या सोसायटीत उन्हाळाभर बंद घरांच्या किल्ल्या उघड्या घरांत टांगलेल्या असतात. कुणाच्या तुळशीला पाणी घालायचं, कुणाची मोटर आठवड्यातून एकदा फिरवायची, कुणाचं लाइट बिल भरायचं, हे सगळं न बोलता ठरलेलं असतं.

आमचा धाकटा भाऊ खरं तर कनेक्टिकटमध्ये राहतो, न्यू हेवनच्या जवळ. सोसायटीला ते मान्य नाही. आई निघाली तेव्हा समोरच्या मासींनी जर्सीतल्या आपल्या बहिणीसाठी निरोप दिला, भाचीसाठी वेगळा दिला, आणि आईनं दोन्ही मुकाट्यानं घेतले.

ही २०२४ ची गोष्ट. वहिनीला ऑगस्टची तारीख होती. परदेशातल्या आपल्या घरांत बाळंतपणाची एक ठरलेली पद्धत झाली आहे. आधी मुलाचे आईवडील सहा महिने, ते निघाले की मुलीचे आईवडील सहा महिने. एक आजी उठते आणि दुसरीला खो देते. तसंच ठरलं होतं. आईबाबा मे ते नोव्हेंबर, त्यानंतर वहिनीच्या आई नाशिकहून. दोन्ही आज्यांनी आपापसात फोनवर डिंकाच्या लाडवांपासून बाळाच्या दुपट्यांपर्यंत वाटणी करून टाकली होती. बाळ वेळेवर आलं. सिझेरियन झालं, पण सगळं नीट झालं. आणि सप्टेंबरात वहिनीच्या आई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं ऑपरेशन, पुढे तीन-चार महिने काठी. त्यांना अपराधी वाटू नये म्हणून सगळे त्यांच्याशी फार गोड बोलत होते, त्यामुळे त्यांना जास्तच अपराधी वाटत होतं.

भावाचा फोन आला, "ताई, आईचं एक्स्टेन्शन करावं म्हणतोय."

हा शब्द बडोद्यात कुणाला नवा नाही. तरी त्याच्याभोवती गैरसमज पुष्कळ आहेत. पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा चिकटवलेला असतो, तो बघून लोकांना वाटतं की दहा वर्षं केव्हाही जा आणि वाटेल तितकं राहा. दहा वर्षं फक्त त्या शिक्क्याची. विमानतळावर उतरल्यावर तिथला अधिकारी ठरवतो की या खेपेला किती दिवस, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत जाते. पूर्वी पासपोर्टात एक पांढरी चिठ्ठी टाचून द्यायचे, २०१३ पासून विमानानं येणाऱ्यांसाठी ती बंद झाली, आता वेबसाइटवर जाऊन बघायची. व्हिजिटरला बहुतेक वेळा सहा महिने मिळतात. ती तारीख उलटून एक दिवस जरी जास्त राहिलात तरी तो दहा वर्षांचा शिक्का रद्द धरला जातो. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहिलात की तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्षभर राहिलात की दहा वर्षं. तारीख वाढवून हवी असेल तर ती संपायच्या आत आय-५३९ हा अर्ज करायचा. निदान ४५ दिवस आधी करा, असं त्यांचं सांगणं असतं. त्या वर्षीच्या एप्रिलपासून ऑनलाइन अर्जाची फी ४२० डॉलर झाली होती, कागदावर केला तर ४७०. एका खेपेला सहा महिन्यांपर्यंत मागता येतात, आणि मागितले म्हणजे मिळतीलच असं काही नाही.

जगभरच्या सरकारांचं आईवडिलांविषयीचं धोरण हा एक स्वतंत्र विषय होईल. कॅनडाचा सुपर व्हिसा आहे, तो आजीआजोबांना एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू देतो. ब्रिटनमध्ये पाहुणा सहा महिन्यांचा, आणि त्यापुढे मुदत वाढवून मिळणं दुर्मीळच. युरोपातल्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस. नातवाला आजी किती महिने लागते याचा प्रत्येकानं आपापला हिशेब करून ठेवला आहे. माझ्या नणंदेचे सासू-सासरे टोरांटोला आहेत. तिथून त्यांना यायचं असतं आणि मुलगा म्हणतो, एवढा व्हिसा आहे तर राहा की. म्हणजे मुदत जास्त असली की सुख जास्त, असंही नाही.

बाबांना मात्र राहायचं नव्हतं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, प्रतापनगरच्या ऑफिसात सगळी नोकरी गेली. सकाळी सूरसागरला फेरी, मग मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी, दुपारी झोप, हा त्यांचा दिवस. कनेक्टिकटमध्ये सकाळी फेरी मारायला निघाले की फुटपाथच संपायचा. पण एक गोष्ट त्यांनी मनापासून केली. सयाजीराव महाराज १९०६ मध्ये अमेरिकेला गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं बघून भारावले, आणि १९१० मध्ये विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बडोद्याला बोलावून घेतलं. बोर्डन तीन वर्षं राहिला, सेंट्रल लायब्ररीची घडी बसवली, संस्थानभर गावोगावच्या वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. हा बोर्डन मूळचा न्यू हेवनच्या एका लायब्ररीतला. बाबांना हे ठाऊक होतं, पण ती जागा मुलाच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे हे तिथे गेल्यावर कळलं. चॅपल स्ट्रीटवर ती इन्स्टिट्यूट लायब्ररी अजून आहे, आणि बोर्डननं तिथे लावलेली पुस्तकांची वर्गवारी अजून वापरात आहे. बाबांनी तिथल्या बाईंना सांगितलं, मी बडोद्याहून आलोय, तुमच्या बोर्डनच्या लायब्ररीचा सभासद आहे. पुढे काय बोलणं झालं ते आम्हाला दर वेळी थोडं वेगळं ऐकायला मिळतं. पण अमेरिकेतला तो त्यांचा सगळ्यात चांगला दिवस होता यात शंका नाही. संध्याकाळी फोनवर म्हणाले, "झालं माझं काम. आता परत यायला मोकळा."

त्यामुळे ठरलं ते असं की बाबा दिवाळीच्या आधी येणार आणि अर्ज एकट्या आईचा करायचा.

अर्जात काय लागतं ते भावानं वाचून दाखवलं. जास्त का राहायचं, किती राहायचं, खर्च कोण करणार, हे तीन प्रश्न त्याच्या बाजूचे. चौथा माझ्या बाजूचा. बाई परत जाणार कशावरून? मायदेशी तिचं घर आहे, मिळकत आहे, माणसं आहेत, हे दाखवा. म्हणजे आईनं तिथे राहावं यासाठीची धावपळ भाऊ करणार, आणि आई परत येणार याचे पुरावे मी गोळा करणार. सगळ्या घरांत ही वाटणी नेहमीच अशी असते, फक्त ती एरवी कुणी फॉर्मवर लिहून घेत नाही.

पुरावे होते कारेलीबागच्या घरात, आणि त्या घरात ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीचं पाणी आलं होतं. नदीची धोक्याची पातळी २५ फूट, त्या वेळी ती ३५च्या वर गेली. रस्त्यांवर मगरींचे व्हिडिओ सगळ्या देशानं पाहिले. आम्ही लाइट नसल्यामुळे ते नंतर पाहिले. मी मांजलपूरला राहते, आमच्याकडे पाणी आलं नाही, पण दोन दिवस कारेलीबागेपर्यंत पोचताही आलं नाही. पोचले तेव्हा दिवाणखान्यात घोट्याच्या वर चिखल, फ्रिज आडवा, आणि आईच्या गोदरेजच्या कपाटाचा खालचा खण पाण्यानं फुगून बसलेला. त्याच खणात फाइल. वेराबिलाच्या, म्हणजे घरपट्टीच्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आईच्या पेन्शनचं जुनं पासबुक, मुदत ठेवींच्या पावत्या. एकेक कागद सुटा करून वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवला. शेअर सर्टिफिकेटवरचा सोसायटीचा निळा शिक्का सगळीकडे पसरला होता, वाचता येत होतं ते फक्त साल आणि बाबांचं नाव. वर पाटा ठेवून पंख्याखाली वाळवलं. त्याचाच फोटो पुढे अर्जाला लागला. अमेरिकन सरकारच्या दप्तरी आमच्या घराचा जो पुरावा आहे त्यावर विश्वामित्रीचा डाग आहे.

पुरावरूनच भावाशी वाद झाला. त्याचं म्हणणं, पत्रात लिहू की घरात पाणी शिरलंय, दुरुस्ती चालू आहे, आई तिथे राहू शकत नाही. किती पटण्यासारखं कारण आहे. होतंही. पण मी म्हटलं, एकीकडे सांगायचं तिचं घर आहे म्हणून ती परत जाईल आणि दुसरीकडे सांगायचं घर राहण्यासारखं नाही म्हणून ती जात नाही, हे वाचणाऱ्यानं काय समजायचं? शिवाय दिवाळीपर्यंत रंग होऊन जाणार होता. तो चिडला. "ताई, तू वकील आहेस का?" नाही. पण बडोद्यात राहून इतक्या लोकांची इतकी पत्रं ऐकली आहेत! कुणाच्या वडिलांना पत्रात गुडघेदुखी होते, कुणाला अचानक नायगारा बघायचा राहून गेलेला असतो, कुणाच्या घरी पत्रापुरतं लग्न निघतं. त्यांतली बरीच पत्रं मंजूरही झाली असतील. तरी पुढच्या खेपेला खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या सत्तरीतल्या बाईला विचारलं की मागच्या वेळी का थांबलात, तर तिला आपल्या मुलानं लिहिलेली गोष्ट पाठ असावी लागते. आमच्या आईला पाठांतर जमतं, खोटं जमत नाही. मासे खाल्लेत का विचारलं तरी तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

शेवटी खरं तेच लिहिलं. सून बाळंत झाली, सिझेरियन झालं, तिची आई येणार होती तिचं ऑपरेशन झालं, म्हणून सासू आणखी काही महिने सोबत राहू इच्छिते. दोन्हीकडच्या डॉक्टरांची पत्रं. एवढ्यावरही एक अडचण राहतेच. व्हिजिटरला काम करायची मुभा नसते, आणि घरातल्या बाईनं घरात जे केलं त्याला काम म्हणायचं की नाही, यावर अमेरिकेच्याच काय, आपल्याही घरात एकमत नाही. बाळाला तेल लावणं, रात्री दोनला उठून घेऊन फिरणं, सुनेसाठी वेगळा मऊ भात, मुलासाठी पोळ्या, कपड्यांच्या घड्या. भावाच्या गावात तान्ह्या बाळाला पाळणाघरात ठेवायचं तर महिन्याचा खर्च घरभाड्याच्या आसपास जातो, आणि पुन्हा नंबर लागत नाही तो वेगळाच. आई तिथे पाहुणी होती हे कागदावर खरं होतं. पाहुण्यांना आपल्याकडे कुणी इतकं राबवत नाही. हे मी भावाला म्हटलं नाही, कारण वहिनी त्या वेळी खरोखर बेजार होती आणि आई स्वतःहून करत होती. बाबांना म्हटलं. ते म्हणाले, "तुझ्या वेळी तिनं काय कमी केलं होतं? तेव्हा व्हिसा लागला नाही एवढंच."

मग आली तारखेची गोष्ट. अर्जात एक रकाना असतो, कधीपर्यंत मुदत हवी. भावाला पूर्ण सहा महिने हवे होते, म्हणजे मे. मागायचेच तर पूर्ण मागा, असं त्याचं साधं गणित. माझी मुलगी त्या वर्षी बारावीला. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तिला आजीशिवाय अभ्यास होत नाही. म्हणजे आजी काही शिकवत नाही, नुसती शेजारी बसून तांदूळ निवडते, पण ती बसली की पोरगी उठत नाही. मी हे बोलले नव्हते. मुलगीच आजीशी बोलली होती. आणि आईनं भावाला सांगितलं, फेब्रुवारीअखेर लिही. त्यानं मला फोन केला, मीच आईला भरवलंय असा त्याचा सूर. मी म्हटलं, मी चकार शब्द काढलेला नाही. तो म्हणाला, "नाही काढलास, पण काढायचा होताच ना?" याला उत्तर नव्हतं. भावंडांत आईच्या महिन्यांची वाटणी अशी उघड्यावर कधी होत नाही. "तुमची तब्येत बघून ठरवा", "तिला विचारा", असं म्हणत सगळे फिरत राहतात. अमेरिकन फॉर्मनं आम्हाला महिना, दिवस, वर्ष या क्रमानं लिहायला लावलं.

फेब्रुवारीअखेरची तारीख पडली आणि गंमत म्हणजे पत्र त्यामुळेच भक्कम झालं. भावानं मसुदा पाठवला, त्यात शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होतं की अर्जदाराचे पती वडोदऱ्याला परतत आहेत, मुलगी तिथेच स्थायिक आहे आणि नातीच्या बोर्डाच्या परीक्षेसाठी अर्जदाराला त्यावेळी घरी असायचं आहे. इतकी वर्षं आईबाबांजवळ राहिले, दवाखाने, बँका, गॅसची सिलिंडरं, सगळं केलं, त्याचा लेखी उल्लेख आयुष्यात पहिल्यांदा झाला तो असा, पुराव्यांच्या यादीत, लाइट बिलाच्या खाली. मला हसूही आलं आणि थोडं बरंही वाटलं. काय वाटायला हवं होतं हे अजून नक्की ठरत नाही.

बाबा ठरल्याप्रमाणे दिवाळीआधी आले. सगळ्यात जोरदार पुरावा तेच. सत्तरी ओलांडलेला नवरा बडोद्यात एकटा आहे आणि त्याला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, यापेक्षा बायको परत येण्याचं मोठं कारण कुठल्या अधिकाऱ्याला हवं असेल! ते माझ्याकडे राहायला आले नाहीत. घराला नवा रंग दिलाय, कुणीतरी राहायला हवं, असं म्हणाले. सकाळी लायब्ररी, दुपारी माझ्याकडून डबा, रात्री खिचडी. फराळाचं मी केलं. चकलीची भाजणी आईनं मेमध्ये जाण्याआधीच दळून डब्यात भरून ठेवली होती, पण तो डबा पुरात गेला, हे तिला सांगितलं नव्हतं. व्हिडिओवर चकल्या बघून ती लगेच म्हणाली, "ही माझी भाजणी नाही."

नोव्हेंबर आला तो दुसराच पुरावा मागत. आई एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाली आहे, आणि पेन्शनरला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. परदेशात असाल तर तिथल्या भारतीय वकिलातीतून सही-शिक्का आणता येतो, पण त्यासाठी बाळाला घेऊन न्यूयॉर्कला कोण जाणार? २०१४ पासून जीवन प्रमाण नावाची ऑनलाइन सोय आहे आणि २०२१ पासून फोनच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवूनही होतं. भावानं ॲप उतरवलं. पण त्यात ओटीपी येतो तो आईच्या इथल्या नंबरवर, आणि ते सिम माझ्याकडे, माझ्या जुन्या फोनमध्ये. त्यांची सकाळ, आमची रात्र. मी ओटीपी वाचून दाखवायचा, भावानं भरायचा, तोवर बाळ रडायचं, मुदत संपायची, पुन्हा नवा. मग चेहरा. ॲप डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं, म्हणजे समोर फोटो धरलेला नाही, माणूस जिवंत आहे, हे कळतं. आई इतक्या गंभीरपणे डोळे मिटायची की उघडेपर्यंत ॲप कंटाळून बंद व्हायचं. खांद्यावर बाळ, मागे भिंतीवर नातवाच्या पायांचे शाईचे ठसे, आणि आई भारत सरकारला आपण जिवंत असल्याचं पटवते आहे. झालं एकदाचं. "प्रमाणपत्र तयार" असं आलं तेव्हा बाबा इकडून म्हणाले, "मला तर शंका नव्हती."

त्याच महिन्यात आय-९४ ची तारीख उलटली. अर्जाची पोच आली होती, निकाल नव्हता. अर्ज वेळेत आणि रीतसर केला असेल तर निकाल येईपर्यंत राहणं बेकायदा धरत नाहीत. नामंजूर झाला तर मात्र लगेच निघावं लागतं. हे तिला भावानं तीनतीनदा समजावलं. तरी त्या रात्री, म्हणजे आमच्या सकाळी, तिचा मला वेगळा फोन आला. "अगं, आजपासून मी इथे चोरून राहतेय असं तर नाही ना?" चाळीसच्या आसपास वर्षं बँकेत काढलेली बाई. कॅश एक रुपयानं जुळली नाही तर जेवायला घरी न येणारी. मी म्हटलं, पोच आहे ना तुझ्याकडे? म्हणाली, "पर्समध्ये आहे." पुढे वहिनीनं सांगितलं की ती पोचपावती घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती देवळात, किराणा दुकानात, बागेत, सगळीकडे नेत असे. कुणीही कधीही मागितली नाही.

औषधांचं मात्र बडोद्याला जमतं तसं कुणाला जमत नसेल. आईनं रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या सहा महिन्यांच्याच नेल्या होत्या. सोसायटीच्या ग्रुपवर "कोई जाय छे?" एवढं टाकलं, अर्ध्या तासात निघणाऱ्यांची नावं आली. पैकी एका काकांबरोबर गोळ्या मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट पाठवल्या. बदल्यात त्यांच्या मुलीला द्यायचा लिलो चिवडा भावानं घरी नेऊन खाल्ला की पोचवला, याबद्दल दोन मतं आहेत. काका जर्सीत उतरले. भाऊ दोन तास गाडी चालवून घ्यायला गेला. म्हणजे शेवटी जर्सीशी संबंध आलाच. विम्याची गोष्ट इतकी सोपी नाही. व्हिजिटरचा विमा मुदत संपायच्या आत वाढवून घ्यावा लागतो, आणि आधीपासूनच्या आजारांना तो जवळजवळ हात लावत नाही. एक्स्टेन्शनच्या गप्पांत लोक फी, पत्र, तारखा सगळं बोलतात, विम्यावर कुणी बोलत नाही. माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे. सत्तरीच्या माणसाला तीन महिने जास्त ठेवून घेणं म्हणजे तीन महिने जास्त जोखीम घेणं, आणि तिथल्या एका रात्रीच्या इस्पितळाचं बिल बडोद्यातला फ्लॅट विकायला लावू शकतं. भावाला मी हे स्पष्ट सांगितलं होतं. विमा वाढवल्याचा कागद पाठव, मगच बाकीचं बोलू, असं. त्यानं पाठवला.

आईला स्वतःला काय हवं होतं, हे विचारायला मला जानेवारी उजाडला. उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीचा दिवस, आम्ही बाबांच्या गच्चीवर, उंधियू चाललेलं, आणि ती फोनवर. मी विचारलं, कंटाळलीस? म्हणाली, नाही. बाळ आता ओळखतं, हात पुढे करतं. भावाच्या सोसायटीतल्या दोन गुजराती बायकांबरोबर ती दुपारी फिरायला जाते, त्यांतली एक तर बडोद्याच्या अलकापुरीची निघाली. "पण इथे कुठे जायचं तर विचारावं लागतं गं. गाडी त्यांची, वेळ त्यांची. दूध संपलं तरी सांगायचं." थोडं थांबून, "आणि घरी आल्यावर ते नसणार, तेही आहेच." ते म्हणजे बाळ, हे मला कळायला क्षणभर लागलं. मग पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी पतंग कापून "काप्यो छे!" म्हणून ओरडलं आणि ती म्हणाली, फोन जरा आकाशाकडे धर.

फेब्रुवारीच्या शेवटी ती आली, ठरलेल्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधीच. निकाल आलाच नव्हता. पुष्कळांचं असंच होतं; अर्ज रांगेत आणि माणूस घरी. भावानं तिला पोचपावती, अर्जाची प्रत आणि परतीचा बोर्डिंग पास एका फाइलीत घालून दिला, पुढच्या खेपेला विमानतळावर विचारलं तर दाखवायला. ती फाइल आता कपाटाच्या वरच्या खणात आहे. आमच्या घरातलं सगळं महत्त्वाचं आता वरच्या खणात असतं.

नात परीक्षेला बसली, आजी तांदूळ निवडत बसली. वहिनीच्या आई आता बऱ्या आहेत, त्या नाशिकहून जाऊन आल्या. आणि बाळ दोन वर्षांचं होतंय म्हणून भावानं पुन्हा विषय काढला आहे, या उन्हाळ्यात दोघांनी या. आई म्हणते येईन, पण सहा महिन्यांच्या वर एक दिवस नाही, आणि विम्याचा कागद आधी. बाबा बोर्डनच्या लायब्ररीत आणखी काही बघायचं राहिलं आहे का याचा विचार करत होते.

"तुम्ही नका येऊ," आई म्हणाली. "तुम्ही इथेच राहा. मी परत येणार, याला काहीतरी पुरावा नको का?"